दूरगावचे भिडू

नागपूरच्या दक्षिण भागात, वर्धा मार्गाला समांतर जाणारा लोहमार्ग ओलांडल्यावर लागणारे मनीषनगर ही गेल्या काही दशकांत फ्लॅट-संस्थांनी भरत गेलेली मध्यमवर्गीय वस्ती आहे, आणि विदर्भातील अशा अनेक वस्त्यांप्रमाणे तिथलीही बरीच मुले बारावी किंवा अभियांत्रिकी झाली की पुणे, हैदराबाद, बंगळूरु किंवा त्याहून दूरच्या गावी पांगतात. जवळच्या मिहान प्रकल्पातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे हा ओघ थोडा अडला असला, तरी शाळेच्या बाकांवर किंवा मैदानावर जमलेली टोळी पंचविशीपर्यंत चार शहरांत वाटली जाते, हे चित्र फारसे बदललेले नाही. पूर्वी अशी टोळी दिवाळीत भेटत असे. आता ती रात्री जेवणे उरकल्यावर, कानाला हेडफोन लावून, एखाद्या खेळात भेटते.

इंटरनेटवरून अनेकांनी मिळून एकच डाव खेळणे, म्हणजे ज्याला ‘मल्टिप्लेअर’ खेळ म्हणतात तो प्रकार, घरोघरी आता परिचित झाला आहे, आणि त्याची वर्गवारी सहसा नैतिक अंगाने केली जाते: बंदुका चालवण्याचे ‘व्हिडिओ गेम’ वाईट, आणि ल्युडो, बुद्धिबळ, पत्ते यांसारखे बैठे खेळ निरुपद्रवी. ही विभागणी अगदीच निराधार नसली तरी पांगलेल्या मित्रांच्या दृष्टीने ती फार कामाची नाही, कारण या खेळांतून मैत्रीच्या वाट्याला नेमके काय येते हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी अधिक उपयोगी कसोटी आहे ती एवढीच, की तो खेळ किती विलंब सोसू शकतो.

विलंबाचा हा मुद्दा मुळापासून समजून घ्यायचा तर खेळणाऱ्याच्या फोनमधून निघालेला संदेश कुठे जातो ते पाहावे लागते. मनीषनगरातील एका खोलीत बसलेला खेळाडू आणि पुण्यात बसलेला त्याचा मित्र हे सहसा एकमेकांशी थेट जोडलेले नसतात. दोघांचेही फोन ‘सर्व्हर’ नावाच्या तिसऱ्या, सामायिक संगणकाशी बोलतात, आणि डावाची खरी स्थिती, म्हणजे कोण कुठे उभा आहे, कोणाची सोंगटी कुठल्या घरात आहे, फाशावर किती पडले, हे ठरवण्याचा अधिकार त्या सर्व्हरकडे असतो. खेळाडूच्या यंत्रापासून सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास लागणाऱ्या वेळेला ‘पिंग’ म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे नागपूर ते मुंबई हे सरळ रेषेतील सुमारे ७०० किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन कापण्यास निसर्गनियमानेच ७ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात तंतू सरळ रेषेत टाकलेले नसतात आणि वाटेतील प्रत्येक यंत्र संदेश तपासून पुढे ढकलते, म्हणून हा आकडा काही पटींनी वाढतो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर एका बाजूचे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर होते आणि किमान विलंबच ३५ मिलिसेकंदांवर जातो. भारतात येणाऱ्या समुद्राखालच्या तारा प्रामुख्याने मुंबई आणि चेन्नईला किनाऱ्यावर चढतात. देशाचा मध्यबिंदू म्हणून ‘झिरो माइल’चा स्तंभ मिरवणारे नागपूर या दोन्ही टोकांपासून दूर आहे, आणि या एका बाबतीत मध्यवर्ती असण्याचा काही फायदा नाही.

म्हणूनच भारतीय खेळाडू अनेक वर्षे ‘मुंबईला सर्व्हर द्या’ अशी मागणी करत राहिले. २०१६ मध्ये ॲमेझॉनने आपले भाडोत्री संगणककेंद्र मुंबईत सुरू केल्यावर खेळ-कंपन्यांना ते सोपे झाले, आणि २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’ या नेमबाजीच्या खेळालाही त्याच वर्षी मुंबईचा सर्व्हर मिळाला. त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा कमालीचा स्वस्त झाला होता. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलने ज्या पहिल्या ८ शहरांत ५जी आणले त्यांत दिल्ली-मुंबईच्या बरोबरीने नागपूरचेही नाव होते.

मात्र सरासरी पिंग कमी असून भागत नाही. तो स्थिरही असावा लागतो. मनीषनगरच्या जुन्या रहिवाशांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. लोहमार्गावर उड्डाणपूल होण्यापूर्वी शहराच्या मध्यातील सीताबर्डीचे सहा-सात किलोमीटरचे अंतर त्यांना पाठ होते, पण पोहोचण्याची वेळ सांगता येत नसे, कारण रेल्वेचे फाटक कधी पडेल आणि त्यामागे किती वाहने तुंबतील याचा नेम नव्हता. इंटरनेटवरील संदेशांचेही असेच होते: घरातील कोणी त्याच वाय-फायवर चित्रपट लावला, किंवा संध्याकाळी साऱ्या इमारतीने एकदम जोडणी वापरायला घेतली, की एक संदेश ३० मिलिसेकंदांत पोहोचतो, त्याच्या मागचा २०० मध्ये, आणि एखादा वाटेतच हरवतो. या अनियमिततेला ‘जिटर’ म्हणतात, आणि ‘लॅग मारतोय’ अशी जी तक्रार दर रात्री ऐकू येते तिच्यामागे पुष्कळदा दूरचा सर्व्हर नसून घरातलाच हा तुंबारा असतो. राऊटरपासून फोनपर्यंत दोन भिंती आड येत असतील तर महागडी योजना घेऊनही फरक पडत नाही, हे सांगण्यात विक्रेत्यांना अर्थातच रस नसतो.

खेळ रचणाऱ्यांनी हा विलंब लपवण्यासाठी जे उपाय शोधले, ते या क्षेत्रातील खरे कौतुकाचे काम म्हणावे लागेल. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी उभारलेल्या ‘मड’ या आद्य खेळात सारे जग शब्दांत लिहिलेले होते आणि खेळाडू आज्ञा टंकलिखित करत, त्यामुळे एखाद्या सेकंदाने काही बिघडत नसे. अडचण आली ती चित्रे हलू लागल्यावर. १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ने, ज्याच्या साम्राज्यांनी भारतातील अभियांत्रिकी वसतिगृहांच्या पुष्कळ रात्री खाल्ल्या, एक चतुर मार्ग काढला. शेकडो सैनिकांच्या हालचाली त्या काळच्या मंद मोडेमवरून पाठवणे अशक्य होते, तेव्हा सैनिकांच्या जागा पाठवायच्याच नाहीत, केवळ खेळाडूंच्या आज्ञा पाठवायच्या, आणि प्रत्येकाच्या संगणकाने तेच युद्ध स्वतंत्रपणे, पण तंतोतंत सारखे, गणित करून घडवायचे. दिलेली आज्ञा क्षणभर राखून पुढच्या ठरलेल्या ठोक्याला सर्वत्र एकदम अमलात येई, म्हणून तो विलंब जाणवत नसे. याचा तोटा असा की एकाचा संगणक मंद असला तर सगळ्यांचे युद्ध मंद होई, आणि तो संगणक कोणाचा याची चौकशी युद्धापेक्षा जास्त आवेशाने चाले.

नेमबाजीच्या खेळांना हा मार्ग परवडत नाही, कारण तिथे बोट हलले की बंदूक त्याच क्षणी वळली पाहिजे. १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’पासून रूढ झालेल्या तंत्रात खेळाडूचे यंत्र सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता परिणामाचा अंदाज बांधून तो लगेच दाखवते, आणि उत्तर वेगळे आल्यास गुपचूप दुरुस्ती करते, ही दुरुस्ती मोठी असली की पडद्यावरचा माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी फेकल्यासारखा दिसतो. त्यापुढची पायरी म्हणजे गोळी झाडणाऱ्याने ट्रिगर दाबताना पडद्यावर जे पाहिले ते ग्राह्य धरण्यासाठी सर्व्हर काळ किंचित मागे नेऊन निकाल देतो. त्यामुळे झाडणाऱ्याला न्याय मिळतो, पण भिंतीआड सुरक्षित पोहोचलेल्या मित्राला, भिंतीआड असतानाच, आपण मेलो असे कळते. ‘काऊन बे, मी तं लपलो होतो नं’ हा आक्रोश खोटा नसतो. दोघांच्या पडद्यांवर दोन वेगवेगळी सत्ये क्षणभर नांदत असतात आणि सर्व्हरने त्यांपैकी एक निवडलेले असते.

ज्या खेळात विलंबाची मोजणी अशी हजारांश सेकंदात होते, तिथे बोलण्यालाही वेळ उरत नाही. चौघांच्या ‘स्क्वॉड’ने खेळायच्या बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलच्या भारतीय आवृत्तीसारख्या नेमबाजीच्या खेळात डावाच्या ऐन भरात जे बोलले जाते ते दिशा, संख्या आणि आज्ञा यांपलीकडे जात नाही, आणि घरातल्यांना बंद दाराआडून ऐकू येणारे तुटक ओरडणे हे भांडण नसून बहुधा एवढेच असते. मात्र डाव सुरू होण्याआधी खोलीत, म्हणजे ‘लॉबी’त, सगळे जमेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे, खेळातल्या विमानातून उतरल्यावर सामान गोळा करत फिरण्याचा निवांत काळ, आणि लवकर मारला गेलेला मित्र बाकीच्यांचा खेळ पाहत बसलेला असतो तो वेळ, यांत नोकरीतला साहेब, घरभाडे, कोणाचे लग्न ठरले, हे सारे निघते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘डिस्कॉर्ड’ या सेवेने आवाजाची खोली खेळापासून वेगळी काढली, तेव्हा तर अनेक टोळ्या खेळ बंद करूनही त्या खोलीत बसून राहू लागल्या, आणि खेळ हे भेटीचे निमित्त होते हे उघड झाले.

बैठ्या खेळांची गोष्ट याच्या उलट आहे. फासा टाकून सोंगटी सरकवण्यास अर्धा सेकंद जास्त लागल्याने कोणाचेच बिघडत नाही, आणि आपली पाळी येईपर्यंत बोलायला मोकळीक असते. महाराष्ट्राला सोंगट्या आणि सारीपाट जुने आहेत. त्याच कुळातल्या पचिसीचे सुटसुटीत रूप इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये ‘ल्युडो’ म्हणून नोंदवले गेले आणि परत येऊन घरोघरी रुजले. नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने, विकाश जैस्वाल यांच्या पुढाकाराने, २०१६ मध्ये ‘ल्युडो किंग’ हे ॲप आणले, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर घराघरांत अडकलेल्या कुटुंबांनी ते अक्षरशः उचलून धरले. खासगी खोली उघडायची, तिचा कोड कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, आणि बंगळूरुचा मुलगा, पुण्याची मावशी, नागपुरातले आजी-आजोबा एका पटाभोवती बसवायचे, ही कृती ज्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता त्यांनाही साधली.

या स्थलांतरात काही गोष्टी मात्र पटावरून खाली पडल्या. फासा आता सर्व्हर टाकतो, म्हणजे गणिती सूत्राने यादृच्छिक, कोणताही आधी सांगता न येणारा, आकडा काढतो, आणि शकुनीला तिथे वाव नसला तरी हरणाऱ्याचा संशय त्यामुळे शमत नाही. त्याहून मोठा बदल नियमांचा आहे. एकावर सोंगटी बाहेर काढायची की फक्त सहावर, तीनदा सहा पडले तर डाव जळतो की नाही, हे घराघरांत वेगळे असे आणि त्यावरून होणारी हुज्जत हा खेळाचा निम्मा भाग असे. ॲप आपले ठरलेले नियम लावते आणि हुज्जत संपवते. रडीचा डाव खेळता येत नाही ही सुधारणा म्हणावी की नुकसान, यावर मतभेद होऊ शकतात, पण ज्या खेळात आजोबांना नातवासाठी नियम वाकवता येत नाही, तो थोडा कोरडा होतो हे मान्य करावे लागेल. पत्त्यांत हे आणखी ठळकपणे दिसते. मेंढीकोटात समोरासमोरचे दोन जण एकमेकांचे भिडू असतात आणि चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, गोळा करण्यासाठी त्यांच्यात भुवई, खाकरा, पान आपटण्याची पद्धत यांतून चालणारी गुप्त खलबते सर्वांना माहीत असूनही कोणी सिद्ध करू शकत नाही. ॲपवरील मेंढीकोटात भुवईच दिसत नाही. त्याऐवजी शेजारच्या फोनवरून भिडूला सरळ संदेश जातो, आणि त्यात कसब काहीच नाही.

ही उणीव ओळखून वेगळ्या वाटेने गेलेली साधनेही आहेत. २०१० मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेले ‘बोर्ड गेम अरेना’ शेकडो पटखेळ ब्राउझरमध्ये पुरवते आणि नियमांची अंमलबजावणी स्वतः करते, त्यामुळे नवशिक्याला चुकीची चाल करताच येत नाही. ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ या २०१५ च्या खेळाने नेमके उलटे केले: तो फक्त एक टेबल, गुरुत्वाकर्षण आणि हाताळता येणारे तुकडे देतो, नियम त्याला ठाऊकच नसतात, ते खेळणाऱ्यांनी एकमेकांत ठरवायचे आणि मोडायचे; रागावलेल्या खेळाडूसाठी टेबल उलथवून टाकण्याची सोयही त्यात मुद्दाम ठेवलेली आहे. जर्मनीच्या क्लाउस टॉयबर यांचा ‘कॅटान’ हा १९९५ चा खेळ, ज्यात लाकूड, विटा, धान्य यांची खेळाडूंनी आपसांत देवघेव करून वस्त्या वसवायच्या असतात, दूर बसलेल्या मित्रांसाठी फार सोयीचा ठरतो, कारण देवघेव म्हणजे घासाघीस आणि घासाघीस म्हणजे बोलणे. शब्दांच्या संकेतांवर चालणारा ‘कोडनेम्स’ही असाच, आणि त्यात तर ज्यांच्या आठवणी सामायिक आहेत असे जुने मित्र परक्यांपेक्षा स्पष्टपणे वरचढ ठरतात, कारण शाळेतल्या एखाद्या सरांचे टोपणनाव उच्चारले की चार शब्द एकदम सुचतात.

विलंब सोसणारा खेळही जोडणीच्या लहरीतून पूर्णपणे सुटत नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण नागपूरशीच जोडलेले आहे. महासाथीमुळे प्रत्यक्ष बुद्धिबळ ऑलिंपियाड होऊ न शकल्याने २०२० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती चेस डॉट कॉमवर ऑनलाइन घेतली, आणि ३० ऑगस्टच्या अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर आले. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता, आणि वीस वर्षांखालील मुलींच्या पटावर त्या वेळी अवघी १४ वर्षांची असलेली नागपूरची दिव्या देशमुख खेळत होती. पहिला सामना ३–३ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्यात डाव रंगात असतानाच दिव्या आणि निहाल सरीन या दोघांची जोडणी तुटली, घड्याळे चालूच राहिली, आणि वेळ संपल्याने दोघेही हरल्याचे नोंदले गेले. त्या दिवशी अमेरिकेतील एका मोठ्या दूरसंचार जाळ्यातील बिघाडामुळे जगभर इंटरनेट अडखळले होते, त्यात खेळाडूंचा काही दोष नव्हता. भारताने दाद मागितली आणि महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक देण्याचा निर्णय घेतला. प्रत्यक्ष पटावर वीज गेली तर घड्याळ थांबवता येते, पंच उठून येतो. ऑनलाइन पटावर खेळाडू नाहीसा झाला की तो पळाला, झोपला की जगाच्या दुसऱ्या टोकाला तार तुटली, हे यंत्राला कळत नाही. हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे, प्रत्यक्ष पटावर, कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

पालकांच्या काळजीचा विषय यानंतर येतो, आणि त्यात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. ओळखीच्या चौघांनी कोड टाकून बंद खोलीत खेळणे आणि अनोळखी माणसांशी पैसे लावून खेळणे यांचा पडदा सारखा दिसला तरी व्यवहार वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ही रेघ स्पष्ट ओढली: पैसे लावून पैसे मिळवण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, चालवण्यास बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ खेळ, तसेच करमणुकीचे सामाजिक खेळ यांना मान्यता दिली. बंदुकांच्या खेळांचा इतिहास अधिक वळणांचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने इतर ११७ ॲप्ससह पबजी मोबाइलवर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, ती एका वर्षाने पुन्हा हटवली गेली, आणि मे २०२३ मध्ये परतली ती १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तास आणि प्रौढांना ६ तास अशी मर्यादा घेऊन. सहा तास ही मर्यादा कोणाला वाटावी, हा प्रश्न वेगळा.

एक विलंब मात्र मुंबईत सर्व्हर आणून मिटत नाही, तो घड्याळांचा. टोळीतला एखादा न्यू जर्सीला गेला की प्रकाशालाच जाऊन-येऊन १२० मिलिसेकंदांहून अधिक लागतात, प्रत्यक्षात दोनशेच्या वर, आणि नेमबाजीचा खेळ त्याच्यापुरता संपतो. पण खरी अडचण ती नसते, तर नागपुरात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा असतात, ही असते. त्यामुळे अशा टोळ्या एकतर शनिवार-रविवारची वेळ बांधून घेतात, किंवा पोस्टकार्डावर चाली लिहून खेळल्या जाणाऱ्या जुन्या पत्रबुद्धिबळाच्या रीतीकडे परत जातात: एक चाल करून ठेवायची, समोरच्याने उठल्यावर ती पाहून उत्तर द्यायचे, आणि एक डाव आठवडाभर चालू द्यायचा. बोर्ड गेम अरेना आणि बुद्धिबळाची बहुतेक संकेतस्थळे एका चालीसाठी एक ते अनेक दिवसांची मुदत देतात. वेळ बांधून खेळणाऱ्यांना मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी नवा हिशेब करावा लागतो, कारण त्या दिवशी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, आणि मनीषनगरातल्या भिडूने नऊची वेळ तशीच ठेवली तर न्यू जर्सीच्या भिडूला साडेअकराऐवजी साडेदहालाच पटाशी बसावे लागते.